केन्शिन कुठून सुरू करावा: कपडे धुणारा आधी, की माणसं मारणारा?

'रुरौनी केन्शिन' बघायचं म्हणून बसलं की पहिला अर्धा तास नुसता शोधाशोधीत जातो. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) आहे, 1996 ची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका आहे, 1999 चा चार भागांचा छोटा संच आहे, पाच चित्रपट आहेत आणि 2023 पासून नव्याने काढलेली मालिकाही आहे. त्यात काहींना जपानबाहेर 'सामुराई एक्स' असं भलतंच नाव. परवा भाच्याने विचारलं, "मामा, आठ दिवस सुट्टी आहे. यातलं काय बघू?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सैल हाताने लिहितोय.

आधी गोष्ट. साल 1878, मेइजी राजवटीचं अकरावं वर्ष. तलवार बाळगायला 1876 पासून बंदी आहे. अशा टोकियोत किरकोळ अंगाचा, तांबड्या केसांचा, डाव्या गालावर फुलीसारखा व्रण असलेला एक भटक्या कंबरेला तलवार लावून हिंडतोय. तलवार उलटी घडवलेली आहे. धार बाकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे वार करणाऱ्याकडे. समोरच्याला बसतो तो बोथट पाठीचा फटका. दहा-बारा वर्षांपूर्वी क्योतोत हाच माणूस 'हितोकिरी बात्तोसाई' म्हणून ओळखला जायचा. 'हितोकिरी' म्हणजे माणसं कापणारा. शोगुनशाही, म्हणजे जुनी लष्करी राजवट, उलथवणाऱ्या चोशू गटाचा मारेकरी. त्यांची बाजू जिंकली, पुढारी मंत्री झाले आणि हा तिथून निघून गेला. आपल्या वाल्या कोळ्याने एकेका खुनाचा एकेक खडा रांजणात टाकला होता. केन्शिनचा रांजण म्हणजे ही तलवार, आणि तो जाईल तिथे कंबरेला असतो.

माझी स्वतःची सुरुवात चुकली होती. हॉस्टेलवर एका मित्राने छातीठोकपणे सांगितलं की 1999 चा संचच बघ, बाकी सगळं पोरखेळ. संच खरोखर अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. साधारण दोन तास, आणि एकही विनोद नाही. सुरुवातीलाच गुलाम म्हणून विकायला नेलेल्या माणसांच्या काफिल्यावर दरोडेखोर तुटून पडतात आणि एक लहान पोरगा सोडून सगळे मरतात. त्याला वाचवणारा तलवारबाज हिको सेइजुरो दुसऱ्यांदा तिकडे येतो, तर माळावर रांगेने थडगी. पोराने आपल्या माणसांना पुरलंय, विकायला नेणाऱ्यांना पुरलंय, दरोडेखोरांनाही पुरलंय. मेल्यावर सगळी प्रेतंच की, असं त्याचं म्हणणं. त्याचं नाव शिन्ता. 'शिन' म्हणजे हृदय. हिकोला हे नाव तलवारबाजासाठी फार मऊ वाटतं. तो 'शिन' तेवढा ठेवतो आणि त्याच्यापुढे 'केन', म्हणजे तलवार, लावतो. पुढे हेच पोर अंधाऱ्या गल्लीत एका साध्या अंगरक्षकाला मारतं. लग्न ठरलेला तो तरुण मरायचं नाही म्हणून पुन्हा पुन्हा उठत राहतो आणि मरता मरता याच्या गालावर पहिली रेघ ओढून जातो. ती जखम भरतच नाही.

एवढं पाहून मी 1996 ची मालिका लावली, तर तिथे हाच माणूस अंगणात लाकडी घंगाळ घेऊन दोजोतल्या (तलवारबाजीच्या आखाड्यातल्या) सगळ्यांचे कपडे घासतोय, डोळे गरगरा फिरवतोय आणि 'ओरो!' म्हणून पडतोय. मला फसवल्यासारखं झालं. चार भागांत बंद केली. पुढे बऱ्याच दिवसांनी मांगा हातात आला तेव्हा लक्षात आलं की मी गोष्ट शेपटाकडून धरली होती. मूळ लेखकाने केन्शिनचा भूतकाळ बराच काळ झाकून ठेवलाय. आधी कपडे धुणारा माणूस तुमच्या घरातला होतो आणि मगच त्याने काय केलंय ते कळतं. उलट क्रमाने गेलात तर घंगाळ हास्यास्पद वाटतं. या क्रमाने गेलात तर पुढे त्या घंगाळाकडे बघवत नाही.

म्हणून माझं मत 1996 च्या मालिकेकडे झुकतं, आणि तिच्यात दोष भरपूर आहेत हे आधीच सांगतो. टीव्हीवर 94 भाग दाखवले गेले आणि एक त्याबाहेर. पहिले 27 सैलसर आहेत, 28 ते 62 हा क्योतोचा भाग म्हणजे मालिकेचा प्राण, आणि त्यानंतर मांगाची गोष्ट सोडून घरीच रचलेला भरणा. 62 वर थांबा, काही बिघडत नाही. केन्शिनचा आवाज मायो सुझुकाझे या बाईंचा. त्या ताकाराझुका या सर्व-स्त्री नाट्यसंस्थेत पुरुषपात्रं करायच्या, म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या बरोबर उलट. तो हलका, किंचित बायकी, अति नम्र आवाज पहिल्यांदा खटकतो. मग एका भागात तोच आवाज खाली उतरतो आणि अंगावर काटा येतो.

तो भाग सैतो हाजिमेशी दोजोत होणाऱ्या लढाईचा. सैतो हा इतिहासातला खरा माणूस. शिन्सेनगुमी या शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या दलाच्या तिसऱ्या तुकडीचा कप्तान, पुढे फुजिता गोरो या नावाने पोलिसात गेलेला. केन्शिन एरवी स्वतःला 'सेश्शा' म्हणतो. इंग्रजी उपशीर्षकांत त्याचं 'धिस वन' होतं आणि चव जाते. मराठीत त्याला 'हा पामर' हा शब्द आयता आहे. तर सैतोचे वार बसत जातात तसतसा हा पामर गळून पडतो. 'सेश्शा' जाऊन रांगडं 'ओरे' येतं, वाक्याच्या शेवटचं अदबशीर 'गोझारु' नाहीसं होतं आणि कपडे धुणारा माणूस त्या खोलीत उरत नाही. तेवढ्यात दार उघडून आत येतात गृहमंत्री ओकुबो तोशिमिची, सोबत पोलीसप्रमुख कावाजी. सरकारला डोईजड झालेल्या शिशिओ नावाच्या जुन्या मारेकऱ्याचा काटा केन्शिनने काढावा, हे त्यांचं मागणं. वाल्याच्या बायकोमुलांनी निदान पापात वाटा नको म्हणून हात झटकले. इथे सरकार स्वतः चालून येतं ते रांजणात आणखी एक खडा टाक म्हणायला. केन्शिनने उत्तर द्यायचा दिवस 14 मे. खऱ्या ओकुबोंचा खून 14 मे 1878 ला सकाळी झाला होता. लेखकाने गोष्ट त्या तारखेला अशी बेमालूम सांधली आहे की दाद द्यावी.

वाचणाऱ्यांनी मात्र थेट मांगाच घ्यावा. 1994 ते 1999, 28 खंड. मालिका जिथपर्यंत पोचलीच नाही तो शेवटचा मोठा भाग फक्त इथे पूर्ण सापडतो. त्यात ज्याचं माणूस गेलं तोच हिशेब मागायला येतो, आणि त्याच्यापुढे उलट्या धारेची तलवार काय कामाची, हा प्रश्न केन्शिनला सुटता सुटत नाही. शिवाय बारकावे. ती तलवार घडवणारा आराई शाक्कूही आयुष्यभर जीवघेणी पाती घडवून पस्तावलेला. त्याने मुठीच्या आत झाकल्या जाणाऱ्या पात्यावर चार ओळी कोरून ठेवल्यात, त्या मूठ निखळल्याशिवाय दिसत नाहीत. पानांमधल्या मोकळ्या जागेत लेखक मोकळेपणाने सांगतो की कुठलं पात्र कशावरून सुचलं. केन्शिनच्या मुळाशी कावाकामी गेन्साई हा त्या काळचा खरा मारेकरी आहे.

चित्रपट कुणासाठी? घरात ॲनिमेला 'कार्टून' म्हणणारं कुणी असेल तर त्यांच्यासोबत बसून बघायला. पाचही मिळून अकरा तासांच्या थोडे वर. केन्शिन झालेल्या ताकेरू सातोची धावपळ आणि झुंजी बघण्यासारख्या, पण क्योतोचा भाग दोन चित्रपटांत कोंबल्यामुळे शिशिओच्या दहा साथीदारांतले बरेचसे नुसते तोंड दाखवून जातात. क्रमाबाबत दिग्दर्शक केइशी ओतोमोंचं मला पटलं. भूतकाळाचा चित्रपट त्यांनी शेवटी, 2021 मध्ये काढला. हात बांधलेला केन्शिन दातांत तलवार धरून माणसं कापतो तिथे तो सुरू होतो आणि तोबा-फुशिमीच्या रणात, म्हणजे शोगुनशाही हरली त्या लढाईत, संपतो, जिथून 2012 चा पहिला चित्रपट सुरू झाला होता. बघा मात्र प्रदर्शित झाले त्याच क्रमाने. नावात 'द बिगिनिंग' आहे म्हणून पहिला लावू नका.

2023 ची मालिका स्वच्छ आहे, मांगाला जास्त धरून आहे आणि जुनं चित्रण डोळ्यांना बोचत असेल तर सोयीची आहे. मला ती आज्ञाधारक वाटली. पहिल्या बाकावरच्या मुलासारखी.

विकत घेण्याआधी एक गोष्ट माहीत असावी. लेखक नोबुहिरो वात्सुकी यांच्यावर 2017 मध्ये लहान मुलांचं अश्लील चित्रण बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला आणि 2018 मध्ये त्यांना 2 लाख येन दंड झाला. त्यामुळे थांबलेली पुढची कथा त्याच वर्षी पुन्हा सुरूही झाली. कुणी यावरून सगळंच बाजूला ठेवतं, कुणी जुने खंड मित्राकडून आणून वाचतं. माझे खंड त्याआधीचे आहेत. नवे मी घेतलेले नाहीत.

भाच्याला हिशेब करून दिला: 62 भाग म्हणजे चोवीसेक तास, आठ दिवसांत रोज तीन. सुरुवातीचे कंटाळवाणे भाग पळवत बघ, पण घंगाळाचे प्रसंग पळवू नकोस. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"मामा, तो 'सेश्शा' म्हणायचा थांबला."

म्हटलं, मधलं आधी संपव. तो दोन तासांचा संच त्यानंतर लाव.