ग्लिव्हेक की जेनेरिक इमॅटिनिब?

काकांना सीएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला आणि घरात वाद पेटला. ग्लिव्हेक ही नोव्हार्टिस कंपनीची मूळ इमॅटिनिब गोळी; तिचा महिन्याचा खर्च एकेकाळी लाखावर जायचा. जेनेरिक, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं, तेव्हा ८-१० हजारांत मिळायचं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं, म्हणून ही स्वस्त गोळी टिकली. काकू म्हणाली, "स्वस्त म्हणजे पाणी घातलेलं!" तसं नसतं हो. मूळ गोळीइतकंच औषध रक्तात उतरतं का, याची चाचणी असते. पण सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत. चाचणी झालीय का, ते डॉक्टरांना विचारा. खरा निकाल दर तीन महिन्यांच्या बीसीआर-एबीएल रिपोर्टमध्ये, म्हणजे या कॅन्सरचं जनुक रक्तात किती उरलंय ते मोजणाऱ्या तपासणीत कळतो. सदाशिव पेठेतून आणलेली ४०० मिलिग्रॅमची जेनेरिक गोळी काका जेवण झालं की मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घेतात. रिपोर्टमधला आकडा उतरतोय. ग्लिव्हेकचा हट्ट मी तरी धरणार नाही.