पिशवीही देतात, पोचपावतीही मागायला लावतात

ठाणे पश्चिमेतल्या एका चर्चच्या आवारात दर रविवारी सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनाविधीनंतर, मदत केंद्राची दोन टेबलं लागतात. एकावर धान्याच्या पिशव्या, दुसऱ्यावर रेशनचे अर्ज. पिशवी घेतली की दुसऱ्या टेबलाशी कार्ड दाखवावंच लागतं. काहींना याचा राग येतो, पण केंद्राचा सगळा कस त्याच टेबलावर आहे.

पिशवीत 5 किलो तांदूळ, 1 किलो तूरडाळ, 1 लिटर तेल. पाच माणसांच्या घरात तांदूळ आठवडाभरही पुरत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या शिक्कावाल्या घराला, माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे त्याच घराला 25 किलो, आणि 2023 पासून तेही फुकट. दोन मुलांची नावं कार्डावर चढलेली नसली, तर दर महिन्याला 10 किलो बुडाले. असं बुडू देऊन वर्षाकाठी नाताळला एक पिशवी हातात ठेवायची, याला दया म्हणायचं की कसं, ते ज्याचं त्याने ठरवावं. बायबलमधल्या मीखा 6:8 मध्ये न्यायाने वागणं आणि दयेची आवड एकाच दमात सांगितली आहे. इथे निदान दोन्ही टेबलं एका मांडवाखाली आहेत.

दुसऱ्या टेबलावरचे सेवेकरी कार्डाच्या रंगावर जात नाहीत, आधी शिक्का बघतात. केशरी कार्ड असून ‘प्राधान्य कुटुंब’ शिक्का नसला तर धान्य येत नाही, हे अनेकांना दुकानदाराने ‘माल नाही’ म्हटल्यावरच कळतं. शिक्क्यासाठी शहरात वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत लागतं. मुलाचं नाव चढवायला जन्मदाखला आणि आधार. सुनेचं चढवायला माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. अर्ज सगळ्यात जास्त अडतो तो या दाखल्यावर, कारण माहेर जालना नाहीतर बीडकडचं, आणि एका कागदासाठी खाडा करून गावी जाणं परवडत नाही. इथे लागणाऱ्या कागदांची यादी आधीच हातात देतात, त्यामुळे दिवाळीला गावी गेलं की काम एकाच फेरीत होतं.

अर्ज दिला की पोचपावती घ्यायचीच, हा त्यांचा हट्ट. काम वेळेत झालं नाही म्हणून लोकसेवा हक्क कायद्याखाली (2015) अपील करायचं तर अर्जाची तारीख हवी, आणि ती पावतीवरच असते. नुसतं ‘साहेबांकडे दिलाय’ म्हणून भागत नाही.

अंगठ्याचं प्रकरणही त्यांनी नीट हाताळलंय. धुण्याभांड्यांनी, सिमेंटने बोटं झिजतात आणि रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. दहाही बोटं लावून बघा, हात धुऊन कोरडे करून पुन्हा लावा, नाहीच जमलं तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागा, असं ते शिकवतात. नंबर बदललेला असेल तर आधी तोच दुरुस्त करायला पाठवतात. नाका कामगारांना गावचं कार्ड ठाण्यातही चालतं हेही सांगतात. फक्त त्या महिन्याचा कोटा गावाकडे कोणी उचललेला नसावा.

धर्म विचारत नाहीत. पिशवी हातात देऊन फोटो काढत नाहीत, हे तर विशेषच. शिवाय घरी बघायला जातात ते दोघं-दोघं. 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेची हीच रीत. घरात गेल्यावर भाडं किती, कोण आजारी, कुणाची मजुरी अडकलीय हे कळतं. टेबलावर ते कुणी बोलत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. वेळ सकाळी 10 ते 12. रविवारी सकाळी घरकाम करणाऱ्या बायकांना सुट्टी कुठे असते? संध्याकाळी 5 नंतर टेबल लावलं तर निम्मी गर्दी बदलेल. पिशव्यांची वही चोख आहे, अर्जांची नाही. त्यामुळे एकच घर चार महिने पिशवी नेतं आणि कार्ड तसंच राहतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. वहीत ‘पोचपावतीची तारीख’ असा एक रकाना आखला तरी पुरे.

आणि आवार झाडणाऱ्या बाईंचा पगार. तो किमान वेतनाच्या हिशेबाने आहे का, हे विचारल्यावर दोन्ही टेबलांवर क्षणभर कुणी बोललं नाही. मजुराची मजुरी रात्रभरही अडकवू नको, असं लेवीय 19:13 सांगतं. तो हिशेब अजून आलेला नाही.

जाताना सगळ्यांची आधार कार्डं आणि रेशन कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स न्या. रविवारी जवळची झेरॉक्सची दुकानं बंद असतात.