उभी राहिलेली पद्मिनी पुन्हा चालू केली: दिवाळी ते पावसाळा, सांगलीतला अनुभव

बंद पडलेली प्रीमियर पद्मिनी एकदा चालू करणं लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. ती पुढेही पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठेल अशी ठेवणं, यात खरा घाम निघतो. मामांची गाडी विश्रामबागेत पोर्चमध्ये कित्येक वर्षं ताडपत्रीखाली होती. दिवाळीच्या सुमारास काम काढलं, आता पाऊस लागलाय. कशावरचे पैसे वसूल झाले आणि कशावरचे पाण्यात गेले, ते लिहितोय. (आमच्या विश्रामबागेतलं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. म्हणजे गाडी तशी गल्लीतलीच.)

शंभर फुटी रोडवरचे मिस्त्री आले ते बॅटरी न घेताच. "आदी हातानं फिरतंय का बघू साहेब, सेल्फचं मागनं." चारही प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चौथा गिअर टाकून गाडी हळूच मागेपुढे ढकलली, तेव्हा फॅन हलला. उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून सिलेंडरला धरतात. तिथे सेल्फचा जोर लावला तर रिंगच तुटायची. मग नवं ऑइल भरलं, कॉईलची वायर काढली आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने सीटचा कापूस आणून बिऱ्हाड थाटलं होतं, ते रिकामं केलं.

टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येत होता. ते सगळं काढून टाकलं, पण पहिल्यांदा टाकी वापरलीच नाही. टांगलेल्या बाटलीतून कार्बोरेटरला ताजं पेट्रोल दिलं, म्हणजे टाकीतला गंज कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जेटमध्ये, जायला नको. डेल्कोतले (प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गॅप लावला, चोक ओढला, आणि अर्ध्या गल्लीत पांढरा-निळा धूर करत गाडी सुरू झाली. तो धूर आम्हीच घातलेल्या ऑइलचा, थोड्या वेळात गेला. मागचे व्हील सिलेंडर मात्र जाम होते. ब्रेक होईपर्यंत गाडी पोर्चच्या बाहेर काढली नाही.

एवढं झालं की बहुतेकांना वाटतं, जिंकलो. आमचं रडगाणं त्यानंतर सुरू झालं, आणि ते सगळं पेट्रोलचं.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या पट्ट्यात राहून त्याला नावं ठेवणं अवघड आहे, पण जुन्या गाडीला ते मानवत नाही. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. शिवाय पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर शुद्ध इथेनॉलला ९ पट. कार्बोरेटरला हा फरक कळत नाही, तो आपला जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी. थंडीत सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागायचा, तो यामुळेच.

पेट्रोलसाठी बाजारातला साधा काळा रबरी पाइप टाकला होता. होळीच्या आत तो बोटाला चिकटायला लागला. आतून सुटलेली भुकटी पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली अडकली आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो. विकताना दुकानदाराने "एक नंबर माल" म्हटलं होतं. नंतर फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा, वर जे३० आर९ छापलेला पाइप टाकला. महाग आहे, पण अजून कडक आहे. या सगळ्यात सर्वात वसूल झालेला खर्च हाच.

दुसरी तक्रार, आठ-दहा दिवस उभी राहिली की सेल्फ नुसताच फिरतो. कार्बोरेटरच्या छोट्या साठ्यातलं, फ्लोट चेंबरमधलं, पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपाला ते पार मागच्या टाकीतून ओढायचं असतं. इलेक्ट्रिक पंप बसवा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. नाही बसवला. आमच्या पंपाला खाली छोटी दांडी आहे. ती बोटाने खालीवर केली की आधी पोकळ लागते, मग जड होत जाते. चेंबर भरलं की पुन्हा सैल. कधी दांडीला सुरुवातीपासूनच जोर नसतो. तेव्हा इंजिनातल्या कॅमने (पंप चालवणाऱ्या उंचवट्याने) पंप आधीच दाबून धरलेला असतो, इंजिन थोडं फिरवायचं. फुकटचा इलाज, बॅटरीही वाचते.

बॅटरीच्या निगेटिव्हला बसवलेला कट-ऑफ खटका काही शे रुपयांचा, हवाच. ऑटोमॅटिक चार्जर मला उगाच वाटला. खटका बंद केलेला असला की बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास टिकते. मामा आधी रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवायचे, ते बंद करायला लावलं. तेवढ्यात ऑइल तापत नाही, आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये नि सायलेन्सरमध्ये साचतं. त्यापेक्षा जमेल त्या रविवारी तासगावच्या गणपतीला हात जोडून येतो.

सध्या मात्र गाडी पुन्हा ताडपत्रीखाली आहे. गेल्या आठवड्यात डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी चढलेली दिसली, म्हणजे पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. ते ऑइल काढून टाकलं. सांगली-मिरजेत मिळाला तो जुन्याच रबराचा, म्हणून इथेनॉलला टिकणारा डायफ्रॅम पुण्याहून मागवलाय. तो बसेपर्यंत चावी माझ्याकडे, मामा कितीही म्हणाले तरी.