हाऊस ऑफ अशर (१९६०): वाडाच खलनायक

अमेरिकी लेखक एडगर ॲलन पोची ही मूळ कथा १८३९ची, जेमतेम वीस-पंचवीस पानांची. तिच्यात घडतं थोडं, साचतं फार. तिचा ७९ मिनिटांचा चित्रपट करताना पटकथाकार रिचर्ड मॅथेसनने एक दुवा बदलला. कथेत वाड्यावर येणारा निवेदक रॉडरिक अशरचा बालमित्र आहे, त्याला नावही नाही. इथे येतो तो रॉडरिकच्या बहिणीचा, मॅडेलीनचा, वाग्दत्त वर फिलिप. मित्र नुसता बघत बसू शकतो. होणारा नवरा मुलीला घेऊन निघायलाच आलेला असतो. तिला बाहेर नेऊ पाहणारा एक आणि अशरांचा शापित वंश इथेच संपावा म्हणून तिला अडवणारा दुसरा, यांच्या ओढाताणीवर चित्रपट उभा आहे.

निर्माती कंपनी तेव्हा दहा-दहा दिवसांत कृष्णधवल चित्रपट उरकून ते जोडीने विकायची. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने पंधरा दिवस, रंग आणि सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडदा, मागून घेतले. ‘यात राक्षस कुठाय?’ या प्रश्नावर ‘वाडा हाच राक्षस’ असं त्याने पटवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पडद्यावर तो खरा वाटतो: कठडा निखळतो, झुंबर कोसळतं, भिंतीची भेग रुंदावत जाते. सुरुवातीचं काळं पडलेलं रान तर खरंच वणव्यात जळालेलं आहे.

रॉडरिक झालेल्या व्हिन्सेंट प्राइसने मिशी उतरवली आहे, केस पांढुरके केलेत आणि आवाज कुजबुजीपर्यंत खाली आणलाय. मोठा आवाज, भडक उजेड, जाडाभरडा कपडा, यातलं काहीच सहन न होणारा माणूस तो नुसत्या आक्रसण्यातून उभा करतो. चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षणही त्याचाच. मेली असं समजून उघड्या शवपेटीत ठेवलेल्या मॅडेलीनची बोटं किंचित हलतात. ते एकटा रॉडरिक बघतो आणि घाईने झाकण लावतो. (१८३९ची गोष्ट आहे, रहस्य फोडल्याची तक्रार नको.)

मार्क डेमनचा फिलिप मात्र लाकडी. ‘चल, निघू या’ हे तो इतक्यांदा म्हणतो की मधली वीसेक मिनिटं जागच्या जागी फिरतात. शेवटच्या आगीत एक जुनं कोठार खरोखर जाळलं होतं. तेच जळते वासे पुन:पुन्हा पडताना दिसतात. दुरून दिसणारा वाडा छोटी प्रतिकृती आहे, हेही लपत नाही.

प्रत निवडताना चौकट (रुंदी:उंची) २.३५:१ आहे ना, ते बघा. कॉर्मन दोन माणसांना पडद्याच्या दोन टोकांना उभं करतो. कडा कापलेल्या प्रतीत एकाचा खांदा उरतो आणि मधलं रिकामं दालन, जे खरं बोलत असतं, ते जातं. टीव्हीवरचा रंग भडक करणारा ‘व्हिविड’ मोडही बंद ठेवा. नाहीतर रॉडरिकचा लाल कोट पेटल्यासारखा दिसतो आणि फिलिपच्या स्वप्नातला निळा-जांभळा रंग नुसता चिखल होतो.

कथा वाचून येणाऱ्यांची एक निराशा होईल. वादळी रात्री निवेदक मोठ्याने पुस्तक वाचतोय आणि त्यातला प्रत्येक आवाज खालून खरोखर ऐकू येतोय, हा पोचा हुकमी प्रसंग इथे नाहीच. त्याऐवजी फिलिप तळघरात धावतो आणि मॅडेलीनची कुलूपबंद शवपेटी फोडतो. पेटी रिकामी निघते तेव्हा दचकायला होतं, पण वाचताना कान टवकारून बसलो होतो, ती थंडी परत भरत नाही.