जोडरस्त्याच्या मागणीसाठी क्यूजीआयएस: कामाचं, पण नखरेल

‘जोडरस्ता हवा’ एवढंच निवेदन दिलं की फाईल पडून राहते. फेरा किती मीटरने वाचतो हे नकाशावर दाखवायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि ते मोफत आहे.

क्विकओएसएम या जोड-सुविधेने (प्लगइन) ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून ‘हायवे’ टॅगचे रस्ते उतरवा; तिथे ‘हायवे’ म्हणजे कुठलाही रस्ता. रस्त्यांचा हा थर (लेयर) आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत बदला, नाहीतर टॉलरन्स, म्हणजे किती जवळचे बिंदू जोडलेले धरायचे ती मर्यादा, मीटरऐवजी अंशांत धरला जातो. मग ‘शॉर्टेस्ट पाथ’ हे सर्वांत जवळची वाट शोधणारं साधन दोनदा चालवा: आहे त्या जाळ्यावर, नंतर प्रस्तावित रेघ जोडून. चालण्याचं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर हे गुणोत्तर दोन्हीकडे काढा. ते २.४ वरून १.३ वर आलं, तर वेगळं भाषण लागत नाही.

खरी गोची सांध्यात आहे. नवी रेघ जुन्या रस्त्याला मधेच टेकते, पण तिथे जुन्या रस्त्याचा बिंदू नसेल तर जोड होतच नाही. उत्तर पहिल्यासारखंच येतं, आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही! जुन्या रस्त्यावर तो बिंदू (व्हर्टेक्स) घाला, स्नॅपिंग (रेघ जवळच्या बिंदूला आपोआप चिकटवणारी सोय) चालू ठेवून रेघ त्यावरच संपवा. टॉलरन्स वाढवणं हा आळशी उपाय. त्याने उड्डाणपूल खालच्या रस्त्याला चिकटू शकतो.

वाहनांसाठी एकेरी वाहतुकीचा रकाना ‘शॉर्टेस्ट पाथ’च्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये द्यावा लागतो, पादचाऱ्यांसाठी तो सोडा. कुंपणं, बंद फाटकं, पायवाटा नकाशात हमखास सुटतात, त्या जागेवर जाऊन तपासाव्यात. नव्या रस्त्यावर वर्दळ किती वाढेल हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी वाहनमोजणीच हवी.