लॅबव्ह्यूमधला फिरता काउंटर: ‘वेट’ की ‘इलॅप्स्ड टाइम’?

लॅबव्ह्यूमध्ये, म्हणजे ठोकळे वायरींनी जोडून प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ० ते ९ मोजून पुन्हा शून्यावर येणारा काउंटर हवाय. सोपी वाट म्हणजे व्हाइल लूपमध्ये (स्टॉप दाबेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणारा भाग) ‘वेट’ हा थांबवून ठेवणारा ठोकळा टाकून त्याला १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद, द्यायचा. ‘आय’ला (लूपच्या फेऱ्यांचा आकडा) १० ने भागून उरलेली बाकी दाखवली की झालं. दोन मिनिटांचं काम. पण अंतर एका मिनिटाचं केलंत, तर स्टॉप दाबून मिनिटभर ताटकळाल!

‘इलॅप्स्ड टाइम’ला (ठरलेली वेळ भरली का ते सांगणारा ठोकळा) वायरी जास्त. लूप ५० मिलिसेकंदांनी फिरवायचा, वेळ भरल्याचा बूलियन (हो-नाहीचा संकेत) केस स्ट्रक्चरला (‘हो’ आलं तरच आकडा वाढवणारा भाग) जोडायचा, आकडा शिफ्ट रजिस्टरमध्ये (एका फेरीतला आकडा पुढच्या फेरीत नेणारी जागा) ठेवायचा. ऑटो-रीसेटची (वेळ भरली की मोजणी आपोआप पुन्हा सुरू करायची) खूण मात्र विसरू नका, नाहीतर पहिल्या वेळेनंतर आकडा सुसाट पळतो. स्टॉप लगेच लागतो, म्हणून मी हाच वापरतो. सेकंदाच्या खेळाला ‘वेट’ पुरतो.