किंग ऑफ द रिंग १९९८ : एका मॅचसाठी बघा, बाकीचं पळवा

आम्हा सोलापूरच्या पोरांना हे डब्ल्यूडब्ल्यूएफचे (आताचं डब्ल्यूडब्ल्यूई, अमेरिकेतली टीव्हीवरची कुस्ती) पैलवान आधी ट्रम्प कार्डवरनं पाठ, उंची वजन सगळं, मॅच नंतर बघितल्या. आता २८ जून १९९८ चा पिट्सबर्गचा हा शो सलग बघितला, अन खरं सांगू का, अर्धा पळवला तरी काय बिघडत नाही. केन शॅमरॉक फायनलला रॉकला हरवून स्पर्धेचा किंग झाला, ठीकंय.

पण अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड, अबाबाबा! रिंगभोवती जाळीचा पिंजरा (हेल इन अ सेल), मॅच सुरूच त्याच्या टपावर, पायाखालची जाळी खाली दबतीय दिसतंय, अन पाहता पाहता अंडरटेकरनं त्याला १६ फुटावरनं ढकलला तो थेट कॉमेंट्रीच्या टेबलावर. स्ट्रेचरवरनं नेत होते तर हा गडी उतरून परत वर चढला!! मग चोकस्लॅम, म्हणजे गळा धरून उचलून आपटला, जाळीच निखळली, हा रिंगमध्ये अन मागनं खुर्ची तोंडावर. एक दात नाकात घुसलेला अन पठ्ठ्या हसतोय बे. शेवटी टाचण्या त्यानेच आणल्या अन त्यानेच अंगात घुसवून घेतल्या.

जत्रेतल्या कुस्त्या बघणारे आमचे मामा म्हणतेत सगळं ठरवलेलं अस्तंय. असंल, पण पडणं खोटं कसं असंल मामा?

मेन इव्हेंट मात्र पचका, केन (शॅमरॉक नव्हं, दुसरा) विरुद्ध चॅम्पियन ऑस्टिन. ज्याचं रक्त आधी निघंल तो हरला, अन केन मुखवट्यात, अंगभर कपड्यात, रक्त दिसणार कुठनं? ऑस्टिनचा बेल्ट गेला, दुसऱ्याच दिवशी रॉ मध्ये, म्हणजे त्यांच्या दर आठवड्याच्या टीव्ही शोमध्ये, परत आला. मग काय उपयोग.

५ पैकी साडेतीन, त्यातले तीन मॅनकाइंडचे.